मैदानाच्या आरक्षणात फेरबदल: हरकत अशी लिहा की उत्तर द्यावंच लागेल

पत्र: आमची सोसायटी भांडुप पश्चिमेला आहे. मागचा भूखंड विकास आराखड्यात खेळाच्या मैदानासाठी राखीव आहे. मुलं तिथे रोज खेळतात, पण मैदान म्हणून तो कधी विकसित झाला नाही. आता पेपरात कलम ३७ ची नोटीस आली आहे: सुमारे ५,००० चौरस मीटरपैकी २,००० चौरस मीटरवरचं आरक्षण बदलून तिथे प्रकल्पबाधितांसाठी घरं बांधायची. हरकतींसाठी एक महिना दिलाय, त्यातले बारा दिवस गेले. सोसायटीच्या ग्रूपवर कुणीतरी इंग्रजीत तयार मजकूर टाकलाय. 'सगळ्यांनी हाच पाठवा, हजार झाले की प्रस्ताव रद्द,' असं म्हणतायत. काहींना वॉर्ड ऑफिसवर जायचंय. आणि भाडेकरूंनी सही करायची की नाही, यावर वेगळाच वाद चाललाय. नेमकं काय करावं?
— सोसायटीच्या सचिव, भांडुप (पश्चिम)

उत्तर: ताई, सगळ्यात आधी ग्रूपवरचा तो तयार मजकूर थांबवा. हरकती म्हणजे मतदान नाही. एकाच मजकुराची हजार पत्रं आली की कार्यालयात त्यांचा एक गठ्ठा होतो आणि अहवालात त्या अख्ख्या गठ्ठ्याला मिळून एक उत्तर लिहिलं जातं. दहा घरांनी दहा वेगळे, जागेवर जाऊन तपासता येतील असे मुद्दे मांडले, तर दहा उत्तरं तयार करावी लागतात. मग त्यातलं एखादं उत्तर तयार होत नाही, आणि तिथेच प्रस्ताव अडतो.

आकड्यावर भिस्त ठेवणारे २०१५ चं उदाहरण हमखास देतात. मुंबईच्या आराखड्याच्या त्या मसुद्यावर ६५ हजारांच्या आसपास हरकती-सूचना आल्या आणि एप्रिलमध्ये राज्य सरकारने तो नव्याने करायला लावला, हे खरंच आहे. पण त्या मसुद्याला भारी पडल्या त्या त्यातल्या चुका. रस्ते भलतीकडून गेलेले, उभ्या असलेल्या वास्तू नकाशावर चुकीच्या वापराखाली दाखवलेल्या. लोकांनी आपापल्या गल्लीतली चूक बोट ठेवून दाखवली, आणि ती कुणालाही तपासता आली. तुम्हाला तेच करायचंय, एका भूखंडापुरतं.

उरलेले दिवस मोजताना सावध राहा. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ प्रमाणे हरकतींची मुदत नोटिशीच्या तारखेपासून एक महिना असते. पण नोटीस राजपत्रातही येते आणि वर्तमानपत्रातही, आणि दोन्ही तारखा एक असतीलच असं नाही. नोटिशीत मुदत कुठल्या तारखेपासून धरलीय ते शब्दन् शब्द वाचा. शंका असेल तर जी मुदत आधी संपते ती धरा, आणि शेवटचा दिवस सुट्टीचा असेल तर आदल्या कामाच्या दिवशीच पत्र द्या.

त्याच नोटिशीत आणखी एक गोष्ट पाहा: ती ३७ च्या कुठल्या पोटकलमाखाली आहे. ३७(१) असेल तर प्रस्ताव महापालिकेचा. हरकती ऐकून महापालिका तो राज्य सरकारकडे मंजुरीला पाठवते. ३७(१ अअ) असेल तर सरकारने स्वतःहून, तातडीचं सार्वजनिक हित म्हणून हात घातलाय. तेव्हा हरकती सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, मुंबईत बहुधा नगररचना विभागाच्या उपसंचालकांकडे जातात, आणि महापालिकेलाही आपलं म्हणणं मांडायला एक महिना मिळतो. पत्र चुकीच्या दारात पडतं ते इथेच. वॉर्ड ऑफिसचा या प्रक्रियेत निर्णयाचा भाग नाही. एस विभागाच्या (म्हणजे भांडुपच्या वॉर्डाच्या) कार्यालयात पत्र देऊन शिक्का घेतला, तरी ते विकास नियोजन खात्यापर्यंत मुदतीत पोहोचेल याची कुणी हमी देत नाही. नोटिशीत ज्या पदनामाच्या अधिकाऱ्याकडे आणि ज्या पत्त्यावर हरकती मागवल्यात, तिथेच द्या. वॉर्ड ऑफिसला फार तर प्रत पाठवा.

आता कागद. तीन लागतील, आणि तिन्ही या आठवड्यात हाताशी हवेत. पहिला, नोटिशीसोबतचा नकाशा. तो कार्यालयीन वेळेत पाहायला ठेवलेला असतो. जाताना पट्टी आणि वही न्या, प्रत मागा, आणि प्रत मिळत नसेल तर आरक्षणातून वगळायचा भाग कुठल्या बाजूचा आहे ते मापांसह उतरवून घ्या. दुसरा, त्या भूखंडाचा डीपी रिमार्क, म्हणजे विकास आराखड्यात त्या जागेवर काय दाखवलंय याचा महापालिकेचा दाखला. तो शुल्क भरून महापालिकेच्या संकेतस्थळावरून निघतो. त्यात आरक्षणाचा संकेतांक असतो (खेळाच्या मैदानाचा आरओएस १.४, उद्यानाचा आरओएस १.५), शिवाय लगतच्या रस्त्यांची आराखड्यातली रुंदीही कळते. तिसरा, मिळकत पत्रिका, जिला सगळे प्रॉपर्टी कार्ड म्हणतात.

या तिसऱ्या कागदाकडे लोक दुर्लक्ष करतात, पण सगळी गोष्ट तिथे फिरू शकते. जागा महापालिकेच्या नावावर आहे की खासगी मालकाच्या? खासगी असेल आणि आरक्षणाला दहा वर्षं होऊनही संपादन झालं नसेल, तर मालक त्याच अधिनियमाच्या कलम १२७ खाली खरेदी सूचना (जागा विकत घ्या, अशी नोटीस) देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत महापालिकेने जागा घेतली नाही किंवा संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षणच व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. सध्याचा २०३४ चा आराखडा २०१८ मध्ये मंजूर झाला, पण त्यातली बरीच आरक्षणं १९९१ च्या आराखड्यापासून चालत आलेली आहेत. तेव्हा हे आरक्षण जुन्या आराखड्यातही होतं का, आणि अशी काही सूचना आली आहे का, हे विचारा. आली असेल तर तुमची लढाई दोन हजार चौरस मीटरची नसून अख्ख्या मैदानाची आहे, आणि 'आहे तसं राहू द्या' एवढं म्हणून भागणार नाही. जागा संपादन करून ताब्यात घ्या, असंही लिहावं लागेल.

हे विचारण्यासाठी माहितीच्या अधिकारात अर्ज आजच टाका, दहा रुपयांचं काम आहे. उत्तराला तीस दिवसांची मुदत असते, म्हणजे ते हरकतीची तारीख उलटल्यावरच येणार. म्हणून हरकत त्यासाठी थांबवू नका. पण सुनावणीच्या वेळी ते हातात असेल. अर्जात चारच गोष्टी मागा: या फेरबदलाचा मूळ प्रस्ताव आणि त्यावरचे शेरे, महापालिकेच्या सुधार समिती व महासभेच्या ठरावांच्या प्रती, मालकाकडून आलेल्या खरेदी सूचनेची माहिती, आणि एस विभागात पुनर्वसनासाठी राखीव असलेल्या भूखंडांची यादी, प्रत्येकाच्या सद्यस्थितीसह. 'का' विचारू नका. या कायद्यात कागद मिळतात, खुलासे मिळत नाहीत.

चौथी मागणी नीट समजून घ्या. विकास आराखड्यात प्रकल्पबाधितांच्या पुनर्वसनासाठी वेगळी आरक्षणं आहेतच. तुमच्या विभागात त्यातली किती मोकळी पडून आहेत, हे कळलं की तुमच्या पत्रातला सर्वात धारदार प्रश्न तयार होतो: त्यासाठीच ठेवलेली जागा आधी का वापरली नाही?

इथेच एक स्पष्ट बोलायला हवं. ग्रूपवरच्या तयार मजकुरात बहुधा 'बाहेरचे लोक येतील', 'परिसराचा दर्जा घसरेल' अशी वाक्यं असतील. ती काढा. एक तर ती अन्यायाची आहेत. रस्ता किंवा नाला रुंद होताना ज्यांचं घर गेलं, ते याच शहराचे रहिवासी आहेत. दुसरं, नियोजनाच्या तराजूत त्या वाक्यांना वजन शून्य, उलट त्यांच्यामुळे शेजारचा चांगला मुद्दाही स्वार्थी वाटू लागतो. हरकत जागेच्या वापराबद्दल असावी, तिथे राहायला येणाऱ्या माणसांबद्दल नसावी. नव्याने येणाऱ्या कुटुंबांच्या मुलांनाही मैदान लागणारच आहे, आणि हा मुद्दा तर तुमच्या बाजूचा आहे: लोकसंख्या वाढवणारा प्रस्ताव मैदान कमी करतोय.

आता प्रत्यक्ष पुरावा. सोसायटीतल्या कॉलेजच्या पोरांना कामाला लावा. सलग सात दिवस, सकाळी आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळी, मैदानावर किती जण आहेत आणि काय खेळतायत याची वहीत नोंद, तारीख-वेळेसह. रोज एकाच कोपऱ्यातून एक फोटो. पाऊस पडत असेल आणि मैदान रिकामं असेल, तर तेही लिहा. फक्त भरलेले दिवस दाखवणारी नोंद वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येते.

मग अंतर. 'जवळ दुसरं मैदान नाही' या वाक्याला अधिकारी नकाशावर एक वर्तुळ काढून उत्तर देतो: अमुक मीटरवर दुसरं आरक्षण आहे. ते आरक्षण रुळांच्या पलीकडे, भांडुप पूर्वेला असेल, किंवा मध्ये लालबहादूर शास्त्री मार्ग ओलांडावा लागत असेल, तर वर्तुळ खोटं बोलतं. तुमच्या फाटकापासून तिथल्या फाटकापर्यंत चालत जा, पूल-सिग्नल धरून लागलेली मिनिटं लिहा, आणि ते मैदान खरोखर उघडं आहे की कुलूपबंद, की नुसतं कागदावर, याचा फोटो लावा. लगतच्या शाळेला स्वतःचं मैदान नसेल आणि मुलं इथे येत असतील, तर मुख्याध्यापकांचं तीन ओळींचं पत्र पन्नास सह्यांना भारी पडेल.

सगळ्यात मोलाचा मुद्दा मात्र उरणाऱ्या जागेच्या आकाराचा आहे, आणि तो जवळजवळ कुणीच लिहीत नाही. पाच हजारातले दोन गेले, तीन उरले, म्हणजे साठ टक्के मैदान शिल्लक, असा हिशेब नोटीस मांडते. पण ते तीन हजार कुठल्या आकाराचे? इमारत मधोमध आली तर उरतो तो चारी बाजूंचा पट्टा. कबड्डीचं पुरुषांचं क्रीडांगण १३ बाय १० मीटर, खो-खोचं २७ बाय १६, आणि त्याभोवती मोकळी जागा लागते ती वेगळी. बारा मीटर रुंदीच्या पट्टीत कबड्डीचा एक डाव कसाबसा बसेल, क्रिकेट-फुटबॉलचं नावच नको. त्यातून इमारतीचा येण्याजाण्याचा रस्ता, अग्निशमन दलाच्या गाडीसाठी मोकळा ठेवायचा भाग आणि वाहनतळ हे सगळं नक्की कुणाच्या क्षेत्रात धरलंय? नकाशावर ते स्पष्ट नसेल तर 'स्पष्ट नाही' हीच हरकत. मैदानाला रस्त्यावरून स्वतंत्र प्रवेश राहतो का, हेही पाहा. प्रवेश नव्या इमारतीच्या फाटकातून असेल, तर दोन-तीन वर्षांत ते फाटक बंद होतं आणि भांडण दोन सोसायट्यांमध्ये लागतं.

रस्त्याची रुंदी टेपने तीन ठिकाणी मोजा आणि डीपी रिमार्कमधल्या आकड्याशेजारी लिहा. विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत किती जादा बांधकाम बसतं ते रस्त्याच्या रुंदीशी बांधलेलं आहे, म्हणून कागदावरचा रस्ता आणि जमिनीवरचा रस्ता यांतला फरक नुसती तक्रार राहत नाही. पाणी साचण्याचंही तसंच. भांडुप पश्चिमेला डोंगराकडून पाणी उतरतं. मैदान ते जिरवत असेल तर मागच्या पावसाळ्यातले तारीख असलेले फोटो शोधा. नसतील तर हा मुद्दा सोडून द्या, पुराव्याविना तो फक्त पान भरतो.

'केंद्राच्या २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा हवी' हे वाक्य प्रत्येक हरकतीत असतं. चुकीचं नाही, पण मुंबईच्या आराखड्याने मुळातच त्याहून खूप कमी प्रमाण स्वीकारलंय, त्यामुळे अधिकाऱ्याला त्याचं काही करावं लागत नाही. तीच गत 'कलम ३७ खाली आराखड्याचं स्वरूप बदलेल असा फेरबदल करता येत नाही' या मुद्द्याची. कायद्यात ते आहे, म्हणून लिहा. पण एका भूखंडाच्या बाबतीत तो एकटा टिकेलच असं नाही, तेव्हा पाचव्या-सहाव्या क्रमांकावर ठेवा. बागेची जागा खासगी शुश्रूषागृहाला देणं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये बंगळूरच्या प्रकरणात रद्द केलं, तो दाखलाही कुणीतरी सुचवेल. ओळभर उल्लेख पुरे, कारण तो कायदा कर्नाटकातला होता आणि परिस्थितीही वेगळी.

पत्र दोन पानांत बसवा, मराठीत लिहा. विषयात नोटीस क्रमांक, तारीख, कलम. पहिल्या परिच्छेदात नगर भूमापन क्रमांक, आणि त्यासोबत गावाचं नाव न विसरता: भांडुप, नाहूर, कांजूर ही वेगवेगळी महसुली गावं आहेत आणि तोच क्रमांक प्रत्येक गावात असू शकतो. गाव चुकलं तर हरकत दुसऱ्याच भूखंडाला लागते. पुढे मुद्दे क्रमाने, प्रत्येकात एकच गोष्ट आणि तिच्या पुराव्याचा परिशिष्ट क्रमांक. उदाहरणार्थ, 'मैदान ही मुलांची अत्यंत निकड असून प्रशासनाने याचा गांभीर्याने विचार करावा' या वाक्यावर कुणीही काहीही करू शकत नाही. त्याऐवजी असं लिहा:

'प्रस्तावानुसार दक्षिणेकडील सुमारे २,००० चौ.मी. क्षेत्र वगळल्यास उर्वरित क्षेत्र सलग राहत नाही. नकाशावरून घेतलेल्या मापानुसार त्याची सर्वात कमी रुंदी १२ मी. आहे (परिशिष्ट २). या आकारात सांघिक खेळाचे मैदान होऊ शकत नाही. सबब सदर क्षेत्र आरक्षणातून वगळू नये.'

मापं अर्थातच तुमची घाला.

शेवटी मागणी, आणि ती दोन पायऱ्यांत. मूळ मागणी: फेरबदल रद्द करून आरक्षण कायम ठेवावं. पर्यायी मागणी: बांधकाम करायचंच ठरल्यास ते रस्त्याच्या बाजूला एका टोकाला घ्यावं, किमान ३,००० चौरस मीटर सलग, आयताकार मैदान ठेवावं, त्याला सार्वजनिक रस्त्यावरून स्वतंत्र प्रवेश द्यावा, आणि इमारतीच्या भोगवटा प्रमाणपत्राआधी ते मैदान विकसित होऊन महापालिकेच्या ताब्यात असावं. पर्याय दिला म्हणजे आपण आधीच हार मानली, असं तुमच्या बैठकीत कुणीतरी म्हणेलच. आम्हाला ते पटत नाही. कलम ३७(२) प्रमाणे सरकार फेरबदल नाकारू शकतं, बदल करून मंजूर करू शकतं, किंवा अटी घालून मंजूर करू शकतं. तुम्ही अट सुचवली नाही, तर अटीविना मंजुरी मिळण्याची वाट मोकळी राहते. 'मूळ मागणीला बाधा न आणता' हे शब्द पर्यायी मागणीच्या आधी लिहा म्हणजे झालं.

'आम्हाला प्रत्यक्ष सुनावणीची संधी मिळावी' हे वाक्य, पूर्ण पत्ता, फोन, ईमेल विसरू नका. सोसायटीच्या पत्रासोबत कार्यकारिणीचा ठराव जोडा. सह्यांची मोहीम करायचीच असेल तर प्रत्येक पानाच्या डोक्यावर विषय आणि मागणी छापा. कोऱ्या पानांवरच्या सह्या कशासाठी होत्या, हे नंतर कुणालाही सिद्ध करता येत नाही. आधार कार्डाच्या प्रती मात्र जोडू नका, कुणी मागत नाही आणि त्या फायलीत कायमच्या पडून राहतात.

पत्राच्या दोन प्रती घेऊन स्वतः जा, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. ईमेलची सोय दिली असेल तर तीही पाठवा, पण जड फोटो एका फाइलमध्ये लहान करून. परत आलेला ईमेल आठवडाभर कुणाच्या लक्षातच येत नाही, असं होतं. शेवटच्या दिवसावर सोडू नका. परिशिष्टांचं एखादं पान राहिलं तर जोडायला दोन दिवस हाताशी हवेत.

सुनावणीचं पत्र कधी येईल सांगता येत नाही, आणि येतं तेव्हा बहुधा थोड्याच दिवसांची सूचना असते. एका वेळी अनेकांना बोलावतात, बोलायला काही मिनिटंच मिळतात. म्हणून दोन माणसं ठरवून ठेवा, सोसायटीचं अधिकारपत्र त्यांच्या नावाने तयार ठेवा. पत्र वाचून दाखवण्यात वेळ घालवू नका, ते त्यांच्यासमोर असतंच. नकाशा टेबलावर पसरा, अरुंद पट्टीवर बोट ठेवा, पुनर्वसनाच्या मोकळ्या भूखंडांची यादी द्या. जे बोललात ते त्याच दिवशी दोन परिच्छेदांत लिहून आवक करा, कारण सुनावणीच्या नोंदीत तुमचं म्हणणं एका ओळीत उरू शकतं. नगरसेवकांना भेटायचं तर त्याच कागदांचा संच घेऊन भेटा. मोर्च्याला आमची ना नाही, पण तो हरकतीच्या जागी नाही, हरकत देऊन झाल्यावर काढा.

पुढे प्रस्ताव सरकारकडे गेला की राजपत्रावर लक्ष ठेवा. मंजुरी तिथेच प्रसिद्ध होते, तुम्हाला घरी कुणी कळवेल याची खात्री नाही. उच्च न्यायालयात जायची वेळ आलीच, तर तिथे 'मैदान हवं की घरं' यापेक्षा नोटीस नीट निघाली का, हरकती विचारात घेतल्या का, सुनावणी झाली का, हे जास्त पाहिलं जातं. त्यामुळे शिक्का असलेली प्रत जपून ठेवा.

राहिला भाडेकरूंचा वाद. कायद्याने हरकत कुणाही व्यक्तीला घेता येते. मालकी, मतदार यादी, सोसायटीचं सभासदत्व, कशाचीही अट नाही. मैदानावर रोज येणारं मूल भाडेकरूचं असेल, तर त्या घराचं स्वतंत्र पत्र घ्याच, त्यांच्याच शब्दांत.